ह्यूस्टनने मारिओ विल्यम्स का उचलला?

अमेरिकन फुटबॉलमध्ये तळाला गेलेल्या संघाला नव्या पोरांच्या निवडीत पहिला मान मिळतो. २००६ साली तो ह्यूस्टन टेक्सन्सचा होता. १६ पैकी फक्त २ सामने जिंकलेले! लोकांना हवा होता गावचाच विन्स यंग, नाहीतर धावणारा रेजी बुश. संघाने घेतला बचावातला मारिओ विल्यम्स. शिव्याच पडल्या. पण त्यांच्याच गटात पेटन मॅनिंग, वर्षातून दोनदा समोर! चेंडू फेकायच्या आत त्याला पाडणारा कोणी नको का? पहिल्या वर्षी विल्यम्सचे सॅक अवघे साडेचार, लोक म्हणाले, बघा! दुसऱ्या वर्षी १४. यंग २०११ नंतर एकही सामना खेळला नाही. विल्यम्सला २०१२ मध्ये बफेलोने दहा कोटी डॉलरपर्यंतचा करार दिला.