मालक बाहेर, किल्ली आत : खान्देशातल्या बंद दरवाजांचा इतिहास

गाडीचा दरवाजा आपटला, लॉक पडलं आणि चावी आतच राहिली. जळगाव-धुळे रस्त्यावरच्या कुठल्याही ढाब्यापुढे, बाजार समितीच्या आवारात किंवा लग्नाच्या मंडपाबाहेर हा प्रसंग रोज कुणावर तरी येतो. गाडी आपली, कागद आपल्या नावावर, चावी काचेतून डोळ्यांना दिसतेय, तरी आत जाता येत नाही. मग जमलेल्यांपैकी एक जण तार मागतो, दुसरा दगड उचलतो, तिसरा चावीवाल्याचा नंबर शोधतो आणि चौथा म्हणतो, घरून दुसरी चावी मागवा.

खान्देशाचा इतिहास वाचताना हे चारही जण भेटतात, फक्त गाडीच्या जागी किल्ला असतो. मालकी एकाची आणि आतली कडी दुसऱ्याच्या हातात, असा पेच या मुलखात किमान चार वेळा मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. तो कसा सोडवला गेला आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे पाहण्यासारखं आहे.

आधी शब्दांकडे बघू. ‘किल्ला’ हा अरबी ‘कलआ’वरून आला. ‘कुलूप’ हे अरबी ‘कुफ्ल’चं मराठी रूप. ‘चावी’ पोर्तुगीज ‘शावे’पासून आली. म्हणजे घर बंद करण्याची आपली रोजची भाषाच अरब आणि पोर्तुगीज यांनी मिळून घडवली आहे. पुढच्या हकिकतीत हे दोघेही किल्ल्यांच्या आत भेटतील.

पाहुणे म्हणून आत गेलेल्या डोल्या

फारुकी घराण्याची सुरुवात धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरपासून होते. शिरपूर तालुक्यात तापीच्या काठी हे गाव आहे. फिरोजशाह तुघलकाने 1370 मध्ये मलिक राजाला थाळनेर आणि करवंदचा मुलूख दिला. पुढे तो स्वतंत्र झाला. 1399 मध्ये तो वारला. फारुकी सुलतानांच्या कबरी आजही थाळनेरला आहेत.

त्याचा मुलगा नसीर खान. बुऱ्हाणपूर वसवणारा तो हाच. खुलताबादचे सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावावरून त्याने शहराला नाव दिलं. पण त्याला हवा होता असीरगड. सातपुड्याच्या रांगेतला हा गड उत्तरेतून दख्खनकडे येणाऱ्या वाटेवर बसलेला. तो आसा अहीर नावाच्या श्रीमंत गवळी सरदाराच्या ताब्यात होता. दुष्काळात लोकांना धान्य वाटणारा माणूस, अशी त्याची ओळख इतिहासकार फरिश्ता देतो.

फरिश्त्याने सांगितलेली हकिकत अशी. नसीर खानाने आसाला निरोप पाठवला की, शेजारचे राजे माझ्यावर उठलेत, माझ्या घरच्या बायकांना गडावर आसरा दे. आसाने विश्वासाने होकार दिला. पहिल्या दिवशी डोल्यांमधून खरंच बायका आल्या, आसाच्या घरच्यांनी त्यांचं स्वागत केलं. दुसऱ्या दिवशी दोनशे डोल्या आल्या. त्यांत हत्यारबंद शिपाई होते. स्वागताला आलेला आसा आणि त्याची मुलं तिथेच मारली गेली.

दरवाजा फोडावा लागला नाही, तो आतूनच उघडला गेला. आसाची चूक एवढीच की, त्याने आसरा मागणाऱ्याला नाही म्हटलं नाही. राज्य मुसलमान सुलतानाचं होतं म्हणून ही दगाबाजी झाकायची, किंवा तेवढ्यावरून एका समाजाला बोल लावायचा, या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. कारण दोनशे वर्षांनी त्याच गडाच्या दारात त्याच फारुकी घराण्याच्या वाट्याला काय आलं, ते पुढे येतंच.

फरिश्त्याचा फारसी ग्रंथ 1829 मध्ये इंग्रजीत आणला जॉन ब्रिग्जने. हा ब्रिग्ज 1818 नंतर खान्देशचा पहिला इंग्रज अधिकारी होता आणि धुळे त्याचं ठाणं होतं. आसाची गोष्ट इंग्रजीत नेणाऱ्या माणसाने खान्देशातल्या बंद दरवाजांचा शेवटचा अध्याय स्वतः पाहिला होता.

सुलतान बाहेर, गड बंद

1597 मध्ये फारुकी सुलतान राजा अली खान मोगलांच्या बाजूने लढताना मारला गेला. त्याचा मुलगा बहादुर गादीवर आला. शाहजादा दानियाल दख्खनच्या मोहिमेवर खान्देशातून गेला, तेव्हा बहादुर त्याच्या भेटीला गेला नाही. अकबराने हा अपमान मानला. 1600 च्या उन्हाळ्यापर्यंत अकबर स्वतः बुऱ्हाणपुरात येऊन बसला आणि असीरगडाला वेढा पडला.

गडावर पाणी होतं, धान्य होतं, तोफा होत्या. मोगल तोफखान्याला तटबंदी दाद देईना. आत साथीचा रोग पसरला, माणसं मरू लागली, तरी दरवाजा उघडेना. डिसेंबरमध्ये बहादुर बोलणी करायला खाली उतरला. अकबराच्या छावणीत असलेल्या जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांवर आधारलेला वृत्तांत सांगतो की, त्याला सुखरूप परत पाठवण्याचं वचन दिलं होतं. खाली आल्यावर त्याला अडकवून ठेवलं.

आता पाहा, सुलतान अकबराच्या हातात आहे, पण गड अजून बंदच आहे. मालक बाहेर, किल्ली आत. गडाचा कारभार मलिक याकूत या हबशी सरदाराकडे होता, तोफांवर काही पोर्तुगीज होते. बहादुरकडून ‘गड सोडा’ असं पत्र लिहून घेण्यात आलं. आतल्यांनी ते मानलं नाही. कैदेतल्या माणसाच्या सहीला अर्थ नसतो, हे त्यांना कळत होतं. याकूतचा मुलगा अकबराच्या छावणीत बोलणी करायला गेला. जेझुइट वृत्तांतानुसार, माझा बाप गड सोडणार नाही असं त्याने तोंडावर सांगितलं आणि तिथेच त्याला ठार मारलं गेलं. बापाने नंतर स्वतःचा जीव घेतला.

अबुल फजल ही हकिकत वेगळी सांगतो. तो अकबराचा मंत्री होता आणि या मोहिमेत हजर होता. त्याच्या लेखनात रोगराई आणि शरणागती आहे, मोडलेलं वचन नाही. पण वेढा लांबत होता, तिकडे शाहजादा सलीम बंडाच्या पवित्र्यात होता आणि बादशहाला घाई होती, एवढं स्पष्ट आहे. जेझुइट वृत्तांत पुढे सांगतो की, गडावरच्या माणसांना पैसे चारले गेले. म्हणून इतिहासकार असीरगडाबद्दल बोलताना ‘सोन्याच्या किल्ल्या’ हा शब्द वापरतात. जानेवारी 1601 मध्ये दरवाजा उघडला. बहादुरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात ठेवलं गेलं आणि खान्देशाचं नाव दानियालच्या नावावरून काही काळ ‘दानदेश’ झालं.

एका बाजूला मुसलमान बादशहा, दुसऱ्या बाजूला मुसलमान सुलतान, त्याच्यासाठी जीव देणारा आफ्रिकेतून आलेला हबशी आणि तोफेवर ख्रिस्ती पोर्तुगीज. ही लढाई धर्माची म्हणून सांगायची झाली तर कुणाला कुठे बसवायचं?

थाळनेर : दिंडी दरवाज्यातला गोंधळ

डिसेंबर 1817 मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. 6 जानेवारी 1818 च्या मंदसोर तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा आपला मुलूख इंग्रजांना दिला. त्यात थाळनेर होतं. कागदावर मालक बदलला, पण आतली माणसं तीच राहिली. किल्लेदार तुळशीराम मामा आणि सुमारे तीनशे शिबंदी, बहुतेक अरब.

27 फेब्रुवारी 1818 ला सर थॉमस हिस्लॉपची फौज थाळनेरसमोर आली. किल्ला सोडा, नाहीतर बंडखोर समजू, असा निरोप गेला. आतून गोळ्या आल्या. तोफांनी बाहेरचे दरवाजे मोकळे झाले. किल्लेदार बाहेर येऊन हाती लागला. आतल्या दरवाज्याची दिंडी, म्हणजे मोठ्या दारातलं लहान दार, उघडली गेली. काही इंग्रज अधिकारी त्यातून आत शिरले. अरबांशी बोलणं सुरू झालं, पण एकमेकांची भाषा कुणालाच नीट कळेना. शरण येण्याच्या अटी काय, जीव वाचणार का, हत्यारं कुणाला द्यायची, काहीच ठरलेलं नव्हतं. झटापट झाली, मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅक्ग्रेगर मारले गेले. त्यानंतर आतली जवळजवळ सगळी शिबंदी कापली गेली. त्याच दिवशी तुळशीरामला फाशी दिलं.

हिस्लॉपच्या या कृत्यावर पुढे ब्रिटिश संसदेतही प्रश्न विचारले गेले. पण तापीकाठच्या तीनशे माणसांना त्याचा काही उपयोग नव्हता.

असीरगडाची पाळी पुन्हा 1819 मध्ये आली. आता तो शिंद्यांकडे होता. शिंद्यांनी गड इंग्रजांना द्यायचा हुकूम काढला, किल्लेदार जसवंतराव लाड यांनी तो मानला नाही. 9 एप्रिलला गड पडला, तेव्हा आत शिंद्यांचंच गुप्त पत्र मिळालं की, गड देऊ नका. मालकाने एक चावी उघडपणे दिली होती आणि दुसरी आत ठेवली होती.

मालेगाव : मोडीतला कागद

थाळनेरची बातमी खान्देशभर गेली. मे 1818 मध्ये इंग्रज मालेगावच्या किल्ल्यासमोर आले, तेव्हा तिथले अरब जिवावर उदार होऊन लढले. मालेगाव तेव्हा खान्देशातच धरलं जाई. शरण गेलो तर आपलंही थाळनेर होईल, ही भीती त्यांच्या मनात होती. जवळजवळ महिनाभर वेढा चालला, इंग्रजांचं मोठं नुकसान झालं. जूनमध्ये आतल्या दारूच्या कोठारात स्फोट झाला आणि बोलणी सुरू झाली.

अरबांनी एकच गोष्ट मागितली. तोंडी नको, लेखी द्या. इंग्रज सेनापतीच्या वतीने मराठीत एक कागद लिहून दिला गेला. लिहिणाऱ्याने त्यात सेनापतीच्या मनात होतं त्याहून अधिक उदार शब्द घातले. अरबांनी तो वाचून घेतला, दरवाजा उघडला आणि हत्यारं खाली ठेवली.

आमचा अर्थ असा नव्हता, असं म्हणणं आता विजेत्याला सोपं होतं. पण हा विषय माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनपर्यंत गेला आणि त्याने कागदाचा अर्थ अरबांच्या बाजूने लावला. जे लिहिलंय ते पाळायचं. इथे कत्तल झाली नाही.

थाळनेर आणि मालेगाव यांच्यात चार महिन्यांचंही अंतर नाही. फौजा त्याच, आतले शिपाईही त्याच मुलखातून आलेले. फरक एवढाच की, एका दारात घाई आणि न कळणारी भाषा होती, दुसऱ्या दारात समजणाऱ्या भाषेतला कागद होता आणि तो पाळणारा माणूस होता.

आजचा दरवाजा

किल्ले मोडले, तलवारी गेल्या. तलवारीला धार आणि चकाकी देणारे शिकलगार हे नाव अरबी ‘सैकल’ म्हणजे पॉलिश या शब्दातून आलं. महाराष्ट्रात शिकलगार मुसलमान आहेत, शिकलीगर शीखही आहेत. हत्यारांचं काम संपल्यावर यांतल्या अनेकांनी चाकू, कात्री, कुलूप, चावी हा धंदा धरला. आज बाजारपेठेत कानस आणि चाव्यांचा जुडगा घेऊन बसलेला माणूस बऱ्याचदा याच कारागिरांच्या वंशातला असतो.

गाडी बंद झाली की त्याला बोलवा. तो दाराच्या फटीत पाचर किंवा हवेची पिशवी सरकवून जागा करतो आणि लांब सळईने आतलं बटण दाबतो. काच आणि रबराच्या मधून पट्टी घालायचा जुना उपाय नव्या गाड्यांवर करू नये. दारात वायरी असतात, काही गाड्यांत एअरबॅगची जोडणीही असते. घरी दुसरी चावी असेल तर तासभर थांबणं सगळ्यात स्वस्त. आणि चावीवाल्याने गाडीचे कागद मागितले तर राग मानू नये. ही गाडी तुमचीच कशावरून, हा प्रश्न तो विचारतो म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवता येतो. जो न विचारता उघडून देतो, तो उद्या दुसऱ्यालाही तुमची गाडी उघडून देईल.

एका प्रसंगी मात्र थांबायचं नाही. आत लहान मूल, म्हातारं माणूस किंवा जनावर असेल तर. खान्देशातल्या मे महिन्यात उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत दहा अंशांनी तापू शकते. तेव्हा 112 ला फोन करा आणि ताबडतोब काच फोडा. समोरची नाही, ती चिकटवलेल्या थरांची असते आणि सहज फुटत नाही. आतल्या जिवापासून सर्वात लांबची बाजूची काच निवडा आणि तिच्या कोपऱ्यावर टोकदार वस्तू मारा. काच पुन्हा बसवता येते.

थाळनेरला हाच हिशोब उलटा झाला. दरवाजा हाती आला आणि आतली माणसं गेली. बंद दारासमोर उभं राहिल्यावर पहिला प्रश्न दार कसं उघडायचं हा नसतो. आत कोण आहे, हा असतो.