मातीचा गड आणि लढाईची गोष्ट

गड म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर काळा कातळ उभा राहतो. तासलेले कडे, चिरेबंदी बुरूज, दगडात खोदलेली टाकी. पण गडाला दगड लागतोच असे नाही. इंग्लंडच्या दक्षिणेला, डॉर्सेट परगण्यात, डॉर्चेस्टर गावापासून अडीचेक किलोमीटरवर ‘मेडन कॅसल’ नावाचा एक प्राचीन गड आहे. नावात कॅसल असले तरी तिथे ना वाडा, ना बुरूज. एका लांबट टेकडीभोवती मातीचे तट आणि त्यांच्यामधले खोल खंदक, एवढाच तो गड. या तटांचा जो अर्थ लावला गेला, त्याचे पडसाद पुढे आपल्या सिंधू संस्कृतीच्या इतिहासातही उमटले. म्हणून त्याच्याविषयी लिहावेसे वाटले.

ही टेकडी खडूची आहे. हा मऊ, पांढरा खडक. खंदक खणायचा आणि निघालेला खडू व माती आतल्या बाजूला रचून तट उभारायचा, ही इथली रीत. इसवी सनापूर्वी साधारण 600च्या सुमारास टेकडीच्या पूर्व भागावर सुमारे साडेसहा हेक्टर जागेभोवती पहिला तट झाला. त्याच्याही सुमारे तीन हजार वर्षे आधी नवाश्मयुगीन माणसांनी इथे खंदक खणले होते. इ. स. पू. 450च्या आसपास गड पश्चिमेकडे वाढवण्यात आला आणि आतले क्षेत्र जवळजवळ तिप्पट, म्हणजे 19 हेक्टर झाले. मग एका तटाबाहेर दुसरा आणि त्याबाहेर तिसरा, अशी भर पडत गेली.

मी तिथे गेलो तेव्हा पश्चिमेच्या दरवाजाने आत शिरलो. दरवाजा म्हणजे तटातली फट. पण तिथपर्यंत पोहोचायला वाट अशी वळवळत नेली आहे की समोर दिसणारा माथा प्रत्येक वळणावर पुन्हा दृष्टिआड होतो. आपल्याकडच्या गोमुखी दरवाजाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पूर्वेच्या दरवाजाचीही रचना अशीच गुंतागुंतीची आहे. त्याच बाजूला उत्खननात गोफणगुंड्यांचा मोठा साठा मिळाला. समुद्रकिनाऱ्यावरून वेचून आणलेले 22 हजारांहून अधिक गोटे. तट, खंदक, वाकडी वाट आणि गोफणगुंडे पाहिल्यावर कोणाच्याही मनात लढाईच येईल.

मॉर्टिमर व्हीलर यांच्याही मनात तीच आली. 1934 ते 1937 या काळात त्यांनी आणि त्यांच्या पत्नी टेसा यांनी इथे मोठे उत्खनन केले. टेसा यांचे काम चालू असतानाच 1936मध्ये निधन झाले. चौकोनी खड्ड्यांची जाळी आखून, मधले बांध राखून, थरांचा क्रम टिपत जाण्याची व्हीलर यांची पद्धत इथे प्रसिद्धीस आली. पूर्व दरवाजाशी त्यांना दफनभूमी सापडली. काही कवट्यांवर शस्त्रांचे घाव होते. एका सांगाड्याच्या मणक्यात लोखंडी पाते रुतलेले होते. व्हीलर यांनी चित्र रेखाटले ते असे: इसवी सन 43मध्ये रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरले, पुढे सम्राट झालेल्या व्हेस्पेशियनच्या पलटणीने या गडावर हल्ला चढवला, दरवाजात कत्तल केली आणि उरलेल्यांनी घाईघाईने आपले मृत पुरले. स्युटोनियस या रोमन लेखकाने व्हेस्पेशियनने वीसहून अधिक तटबंद ठिकाणे घेतल्याचे लिहिले आहे. पण त्यात या गडाचे नाव नाही.

1943मध्ये व्हीलर यांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होऊन आले. 1946मध्ये हडप्पा इथे बालेकिल्ल्याच्या टेकाडाभोवती त्यांना कच्च्या विटांचा प्रचंड तट मिळाला. तटामागोमाग लढाईची कथाही आली. ऋग्वेदातला इंद्र ‘पुरंदर’ आहे, पुरे फोडणारा. मोहेंजोदडोला आधीच्या उत्खननांत अस्ताव्यस्त पडलेले सांगाडे मिळालेले आहेत. तेव्हा आक्रमक आर्यांनी ही नगरे बुडवली असावीत, असे त्यांनी सुचवले. डॉर्सेटमध्ये जे रोमन होते, ते पंजाब-सिंधमध्ये आर्य झाले. दोन्हीकडे पुरावा एकाच जातीचा: एक तट आणि काही हाडे.

दोन्ही कथा पुढे ढासळल्या. मोहेंजोदडोचे सांगाडे एका काळातले नाहीत आणि एका प्रसंगातलेही नाहीत, हे जॉर्ज डेल्स यांनी 1964मध्ये मांडले. नंतर हाडांची तपासणी झाली तेव्हा घावांच्या खुणा फारच थोड्या सांगाड्यांवर मिळाल्या. मेडन कॅसलचे सांगाडे व्यवस्थित पुरलेले होते आणि काहींसोबत मातीची भांडी ठेवलेली होती, याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले. 2025मध्ये बोर्नमाउथ विद्यापीठाच्या संशोधकांनी हाडांचे कार्बन कालमापन प्रसिद्ध केले. घाव खरे होते, पण ते एका दिवसाचे नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या उंबरठ्यावर, रोमन येण्याआधीच्या काही दशकांत, ही माणसे वेगवेगळ्या वेळी मेली होती. म्हणजे मारामाऱ्या झाल्या त्या बहुधा आपसात.

मग तट काय सांगतात? याचे उत्तर 1985-86मध्ये नायल शार्पल्स यांनी केलेल्या कामातून मिळते. या उत्खननाचे निमित्तच गडाची खालावलेली अवस्था हे होते. येणाऱ्यांच्या पायांनी तटांवरची हिरवळ झिजत होती. त्यांनी व्हीलर यांचे काही जुने खड्डे पुन्हा उघडले आणि तोवर दुर्लक्षित राहिलेल्या गोष्टी वेचल्या: धान्याचे जळके दाणे, कोळसा, गोगलगायींचे इवले शंख. सावलीतल्या रानात राहणारी गोगलगाय वेगळी, उघड्या कुरणातली वेगळी. म्हणून मातीतल्या शंखांवरून तिथे पूर्वी रान होते की कुरण, हे कळते.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती अशी, की मातीचा तट एकदा बांधून संपत नाही. खडूवर पाऊस पडतो, हिवाळ्यात तो गोठून फुटतो, खंदक गाळाने भरतो. पुन्हा उपसावे लागते, पुन्हा रचावे लागते. कित्येक पिढ्यांनी पीकपाणी सांभाळून हे केले. लढाई एखाद्या दिवसाची, हे काम शतकांचे. इ. स. पू. 100नंतर वस्ती पूर्व टोकाला आक्रसली. रोमन आले तेव्हा गडाचे भराचे दिवस सरलेले होते.

आज गड धरून ठेवला आहे तो गवताने. मुळे माती बांधून ठेवतात आणि मेंढ्या चरून गवत आखूड राखतात. तटांचा चढ नांगराला झेपणारा नव्हता, म्हणून आत शेती झाली तरी ते वाचले. पण एकाच पाऊलवाटेने माणसे चढली की गवत जाते, खडू उघडा पडतो आणि पुढचे काम पाऊस करतो.

व्हीलर यांच्या हाताखाली या गडावर शिकलेल्यांत हसमुख सांकलिया होते. 1939मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले. पुढे त्या संस्थेने घोड नदीकाठी इनामगावला जे उत्खनन केले, त्यात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी रचलेला बांध आणि पाण्याचा पाट मिळाला. ती कोणाची चढाई नव्हे. गावाने मिळून केलेले मातीकाम होते.

आपल्याकडे गावोगावी पांढरीची टेकाडे आहेत, ढासळत्या गढ्या आहेत. त्यांच्या नावावर लढाई नाही, म्हणून त्यांना कोणी गड म्हणत नाही आणि तिथली माती खत म्हणून, बांधकामाला म्हणून बिनदिक्कत उचलली जाते. दगडी गड पडला तरी चिरे मागे राहतात. मातीचे टेकाड शेतात पसरले की त्याबरोबर थर जातात, दाणे जातात, शंख जातात. मेडन कॅसलची चुकीची वाचलेली गोष्ट नव्वद वर्षांनी दुरुस्त करता आली, कारण माती आणि हाडे जपलेली होती. पांढर उचलून नेल्यावर तिथली गोष्ट खरी वाचायला कोणाला काही उरणार नाही.