कायदा १९७२ चा, पहारा २००२ चा

दुसरबीडपासून समुद्र कितीतरी लांब. आपल्यातल्या बऱ्याच जणींनी तो टीव्हीतच पाहिलाय. तरी आज आम्ही समुद्री कासवांबद्दल बोलणार आहोत, कारण कागदावरचा कायदा गावात कसा उतरतो, ते यातून कळतं. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. तो किती पाळला जातो, ते आपण जाणतोच.

वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ साली. त्याच्या पहिल्या अनुसूचीत समुद्री कासवांनाही घेतलं, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत बसवलं. कासव मारणं तर गुन्हाच, त्याची अंडी फोडणंही गुन्हा. शिक्षा किमान तीन वर्षं कैद, जास्तीत जास्त सात.

पण किनाऱ्यावर रात्रभर बसणार कोण? ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूवर येते, खड्डा करून शंभराच्या वर अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पुन्हा बघायलाही येत नाही. मागे राहतो तिचा वाळूतला माग. तो धरून कोल्हा-कुत्रं येतं, माणूसही येतो. साहेबाची गाडी पोचेपर्यंत खड्डा रिकामा!

२००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेची माणसं रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला समुद्री गरुडांची पाहणी करत होती. (वेळास म्हणजे नाना फडणवीसांचं गाव.) तिथं त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावाला हाताशी धरलं. गावातलीच माणसं पहाटे किनारा पालथा घालू लागली. सापडलेली अंडी कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची, पन्नासेक दिवस राखायची, पिल्लं निघाली की समुद्राकडे सोडायची. पुढं वनखातंही यात उतरलं.

मग पिल्लं बघायला पाहुणे येऊ लागले, कासव महोत्सव सुरू झाला. पाहुण्यांची सोय गावातल्या घरांत, जेवण बायांच्या हातचं. अंडी राखली तर घरात चार पैसे येतात, हे दिसलं. आमच्या मते कायद्यात जीव आला तो इथं. नुसत्या तुरुंगाच्या धाकानं तीस वर्षांत हे झालं नव्हतं.

जाळ्याचंही तसंच. कासव अडकलं तर ते सोडवायला महागाचं जाळं कापावं लागतं. कोळ्यानं ते नुकसान का सोसावं? २०१८ च्या डिसेंबरात राज्य सरकारनं अशा जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई ठरवली.

आता आपल्याकडचं. नदी-तळ्यातलं मऊ पाठीचं कासवही त्याच पहिल्या अनुसूचीत आहे. ते घरी ठेवणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे. 'वीस नखांचं कासव आणा, पैशाचा पाऊस पाडतो' म्हणणारे भोंदू अजूनही फिरतात. असा कुणी दारात आला, तर वनखात्याचा फोन आहे १९२६.