न दिसणारे जोड

हॉट रॉड म्हटलं की अंगावर ज्वाळा रंगवलेली, कान फोडणारी अमेरिकन गाडी डोळ्यांसमोर येते. मी तिचे जुने फोटो पाहतो तेव्हा माझी नजर वेल्डिंग शोधत असते. कारण ही गाडी कुठल्याच कंपनीने बनवली नव्हती. कंपनीची जुनी गाडी कापून, नको ते फेकून आणि हवं ते जोडून पोरांनी ती घडवली.

गोष्ट दक्षिण कॅलिफोर्नियातली. तोवर व्ही-८ इंजिन ही बहुतेक महागड्या गाड्यांची चैन होती. १९३२ साली फोर्डने ते स्वस्त गाडीत बसवलं, ६५ हॉर्सपॉवरचं. दिवस मंदीचे होते, पण जुनी फोर्ड भंगारवाल्याकडे परवडायची. मडगार्ड काढायचे, वजन उतरवायचं आणि मोहावी वाळवंटातल्या म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर ती पळवायची. १९३७ साली तिथल्या क्लबांनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. वेग नीट मोजला जाऊ लागला, सुरक्षेचे नियम आले.

इंजिनाची ताकद वाढवली की चॅसी पिळवटायची. फोर्डच्या चॅसीचे दांडे 'सी' आकाराचे, एका बाजूने उघडे. त्या उघड्या बाजूला पट्टी वेल्ड केली की दांड्याची बंद पेटी होते आणि तो सहजी पिळला जात नाही. पण सलग वेल्ड मारत गेलात, तर उष्णतेने अख्खा दांडाच वाकतो. म्हणून आधी टाके मारायचे, मग थोडं इथे, थोडं तिथे, मध्ये गार होऊ द्यायचं.

छत खाली आणणं त्याहून अवघड. खांबांतून तीनेक इंच कापून काढायचे आणि छत पुन्हा बसवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण खांब तिरके असतील तर कापलेली टोकं समोरासमोर येतच नाहीत. मग छतालाच चीर देऊन मध्ये पत्रा भरावा लागतो. गॅसच्या ज्योतीने पत्रा पसरतो, गार होताना आक्रसतो आणि झोळ पडतो. तो हातोडीने ठोकून काढायचा, उरलेल्या खड्ड्यांत शिसं भरायचं, कानस फिरवायची. जोड सापडला नाही, तर काम चांगलं.

हे कौशल्य पोरांनी गॅरेजमध्ये एकमेकांकडून उचललं, पण त्याला धार आली ती युद्धात. लॉस एंजेलिसच्या आसपास लॉकहीड, डग्लस, नॉर्थ्रॉप यांचे विमानांचे कारखाने होते. चटकन पेटणारं मॅग्नेशियम जोडण्यासाठी नॉर्थ्रॉपमध्ये रसेल मेरेडिथने टंगस्टनच्या टोकाभोवती हेलियमचं आवरण धरणारी पद्धत विकसित केली. तिचं पेटंट १९४२ सालचं. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये जिला 'आर्गन वेल्डिंग' म्हणतात, ती हिचीच पुढची पिढी.

युद्ध संपलं आणि विमानांचं सामान भंगारात आलं. १९४६ साली बिल बर्कने लढाऊ विमानाची इंधनाची जादा टाकी घेतली, आत चॅसी आणि इंजिन कोंबलं आणि थेंबाच्या आकाराची गाडी तयार केली. त्याच वर्षी सैन्यातून सुटलेल्या अ‍ॅलेक्स झिडियासने बरबँकमध्ये सो-कॅल स्पीड शॉप उघडलं. त्याच्या टाकीच्या गाडीने १९५२ साली बोनव्हिलच्या मिठागरावर ताशी १९८ मैलांचा, म्हणजे सुमारे ३१९ किलोमीटरचा वेग गाठला.

इथवरच्या इतिहासात सगळी मुलंच दिसतात. मला टोचतं ते हेच. कारण युद्धकाळात वेल्डिंगची टॉर्च बायकांच्याही हातात होती. कॅलिफोर्नियातच, रिचमंडच्या कैसर जहाजबांधणी कारखान्यांत, कितीतरी स्त्रिया वेल्डर होत्या. युद्ध संपताच त्यातल्या बहुतेकींचं काम गेलं. परतलेल्या तरुणाने टॉर्च धरली तर तो छंद, पुढे धंदा. तेच कौशल्य शिकलेल्या बाईने मात्र घरी जायचं होतं.

तळ्यावरही तेच. असोसिएशनच्या शर्यतीत उतरलेली पहिली स्त्री म्हणून व्हेडा ऑर यांचं नाव घेतलं जातं. पण त्यांचं मोठं काम वेगळंच: युद्धात गेलेल्या सभासदांना त्या बातमीपत्र पाठवत राहिल्या. रेसिंग थांबलेली असताना ही पांगलेली मंडळी एकमेकांना धरून राहिली, त्यात त्या बातमीपत्राचा वाटा होता. 'हॉट रॉड' मासिक निघालं ते त्यानंतर, जानेवारी १९४८ मध्ये.

आज १९३२च्या फोर्डची नवीकोरी पोलादी बॉडीसुद्धा विकत मिळते. तीस-चाळीसच्या दशकांतली हाताने घडवलेली गाडी मात्र आता संग्रहालयात असते, शेजारच्या पाटीवर मालकाचं नि ड्रायव्हरचं नाव. ज्याने पत्रा जोडला त्याचं नाव क्वचितच. त्याने जोड इतका छान लपवला, की पाटी लिहिणाऱ्याला तोही दिसला नाही. आणि कैसरच्या त्या वेल्डर बायकांना तर अशी गाडी बनवायची संधीच मिळाली नाही.