मृत्यूच्या दारीं प्रीति

सावित्रीची कथा ठाऊक नाहीं असें घर महाराष्ट्रांत क्वचितच आढळेल. यमाच्या पाठोपाठ चालत जाऊन, त्याच्याशीं संवाद करून तिनें पतीचे प्राण परत आणले. महाभारतांतील रुरूनें तर आपलें अर्धें आयुष्य देऊन सर्पदंशानें मेलेल्या प्रमद्वरेला उठविलें. गेलेलें माणूस परत मागून आणतां येईल काय, हा प्रश्न मनुष्य फार पुरातन काळापासून विचारीत आला आहे. सन १९२१ मध्यें जर्मनींतील एका मूकचित्रपटानें तोच प्रश्न पुन्हां विचारला. उत्तर मात्र निराळें दिलें. तें उत्तर दुःखाचें असूनहि तो चित्रपट शंभर वर्षांनंतरहि आवडीनें पाहिला जातो. असें कां व्हावें, हें पाहण्यासारखें आहे.

या चित्रपटाचें नांव 'डेर म्यूडे टोड', म्हणजे 'थकलेला मृत्यु'. ६ ऑक्टोबर १९२१ रोजीं तो बर्लिन येथें प्रथम दाखविण्यांत आला. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग हा मूळचा व्हिएन्नाचा. पहिल्या महायुद्धांत ऑस्ट्रियाच्या सैन्यांतून लढतांना तो जखमी झाला होता. कथा त्यानें थेआ फॉन हार्बो या लेखिकेच्या सहकार्यानें रचिली. त्या युद्धांत जर्मनीचे सुमारें २० लाख सैनिक पडले होते. उपासमार आणि १९१८ ची इन्फ्लुएन्झाची सांथ यांनीं आणखी बळी घेतले. अनेकांना आपल्या माणसाचें अखेरचें दर्शनहि घडलें नव्हतें. कित्येकांना त्याचें थडगें कोठें आहे हेंहि ठाऊक नव्हतें. चित्रगृहाच्या अंधारांत येऊन बसणारा प्रेक्षक हा असा होता.

कथेचा आरंभ साधा आहे. एक प्रेमी युगुल घोडागाडींतून एका लहानशा गांवीं येतें. वाटेंत काळ्या झग्यांतला एक अनोळखी प्रवासी गाडींत चढतो. खाणावळींत तरुणीच्या डोळ्यांदेखत मेजावरचा पेला वाळूचें घटिकायंत्र बनतो, आणि ती क्षणभर आंत जाऊन परत येते तों तिचा प्रियकर नाहींसा झालेला असतो. त्या प्रवाशानें स्मशानालगतची जमीन घेऊन तिच्याभोंवतीं एक प्रचंड भिंत उभारलेली आहे. तिला दार नाहीं. मृतांची रांग त्या भिंतींतून आरपार जातांना तरुणीला दिसते, आणि त्या रांगेंत तिचा प्रियकर असतो. शेवटीं ती विषाचा पेला ओठांस लावते आणि भिंतीच्या आंत पोंचते. तेथें असंख्य मेणबत्त्या जळत असतात; प्रत्येक ज्योत म्हणजे एक आयुष्य. पण या मेणबत्त्या राखणारा मृत्यु क्रूर नाहीं. ईश्वराच्या आज्ञेचें काम करून करून आणि माणसांचीं दुःखें पाहून पाहून तो थकला आहे.

तो तिला तीन विझूं लागलेल्या ज्योती दाखवितो. यांपैकीं एक तरी वांचविलीस तर तुझा प्रियकर तुला परत मिळेल, असें वचन देतो. एक कथा मुसलमानी नगरींत, दुसरी जुन्या व्हेनिस शहरांत, तिसरी चीनच्या बादशहाच्या राज्यांत घडते. तिन्हींत तींच दोघें नव्या रूपानें भेटतात, आणि तिन्हीं ज्योती विझतात. व्हेनिसमध्यें तर शत्रूसाठीं तिनेंच रचलेल्या सापळ्यांत तिचा प्रियकर बळी पडतो.

मग मृत्यु तिला एका तासाची मुदत देतो: कोणीं आपलें उरलेलें आयुष्य स्वखुशीनें दिलें तर अजूनहि सुटका होईल. ती जराजर्जर माणसांपुढें पदर पसरते; पण ज्यांना जगण्याचा वीट आला आहे, तींहि नकार देतात. इतक्यांत इस्पितळाला आग लागते आणि एक तान्हें मूल आंत राहतें. तरुणी ज्वाळांत शिरून तें उचलते. मृत्यु हात पुढें करतो. हेंच मूल दिलें तर सौदा पुरा होणार! ती क्षणभर थबकते, आणि मूल खिडकींतून खालीं त्याच्या आईच्या स्वाधीन करते. नंतर ती स्वतःचेंच आयुष्य देऊं करते. मृत्यु तिला प्रियकराजवळ नेतो आणि दोघांना घेऊन टेकडी चढून जातो.

अद्भुत कथा प्रेक्षकाला वास्तवापासून पळावयास शिकवितात आणि शोकान्त प्रेमकथा त्याला दुबळें करतात, असा आक्षेप नेहमीं घेण्यांत येतो. परंतु ज्याचा मुलगा रणांगणावरून परतला नाहीं, त्याला विजयाची कथा सांगून पटणार नाहीं. आणि मरणाला इलाज नाहीं असें कोरडें सांगितल्यानें त्याचें समाधान होणार नाहीं. अद्भुतामुळें त्याला आयुष्यांत न मिळालेली एक संधि मिळते: मृत्यूसमोर उभें राहून जाब विचारण्याची. शोकान्तामुळें ती संधि खोटी ठरत नाहीं. गेलेला परत येत नाहीं, हें सत्य शेवटपर्यंत पाळलें जातें. आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे, तरुणी तीन वेळां हरते, पण चौथ्या वेळीं जिंकणें हातांत असतांनाहि ती जिंकत नाहीं, कारण त्या विजयाची किंमत दुसऱ्या एका आईनें मोजावयाची होती. ज्या देशांत लाखों आयांनीं ती किंमत नुकतीच मोजली होती, तेथें या नकाराचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

अमेरिकन नट डग्लस फेअरबँक्स यानें या चित्रपटाचे अमेरिकेंतील हक्क विकत घेतले आणि उडत्या गालिच्यासारखे चमत्कार १९२४ च्या 'थीफ ऑफ बगदाद' या आपल्या चित्रपटांत अधिक थाटानें दाखविले. तेथें शेवटीं चोराला राजकन्या मिळते आणि प्रेक्षक हंसत घरीं जातो. चमत्कार उचलतां आले. त्यामागचें दुःख उचलतां येण्याजोगें नव्हतें.

हार्बो हिचा संबंध पुढें मराठी माणसाशींहि आला. लांगशीं झालेला तिचा विवाह १९३३ मध्यें मोडला. नंतर जर्मनींत शिकावयास गेलेले मराठी पत्रकार आयी तेंडुलकर यांच्याशीं तिनें गुप्तपणें लग्न केलें. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ते भारतांत परतले आणि तो संसार तेथेंच थांबला. १९५४ च्या उन्हाळ्यांत बर्लिनमध्यें 'थकलेला मृत्यु' पुन्हां दाखविण्यांत आला, तेव्हां हार्बो सन्मान्य पाहुणी म्हणून हजर होती. खेळ संपल्यावर बाहेर पडतांना ती पडली, आणि त्या दुखापतींतून न उठतां १ जुलै रोजीं वारली. तोंपर्यंत जर्मनीनें पहिल्याहून भीषण असें दुसरें महायुद्ध पाहिलें होतें. त्या दिवशीं खेळाला बसलेल्यांपैकीं कोणालाच त्या दार नसलेल्या भिंतीपलीकडे कोणाला तरी शोधावेंसें वाटलें नसेल, असें म्हणवत नाहीं.