कवितेशेजारचे चित्र कोणाचे?

मराठी कवितेचा इतिहास शिकवताना १८५४ या सालापाशी मी नेहमी थांबतो. त्या साली परशुरामपंत गोडबोले यांनी संपादित केलेले ‘नवनीत’ निघाले. जुन्या कवींचे हे वेचे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या हाती राहिले. पण हे विद्यार्थी कोण होते? दोनच वर्षांनी, जून १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. मुंबई सरकारने त्याला दाद दिली नाही. कवितेचे पुस्तक तयार होते. मुलगा दाराबाहेर होता.

त्याच १८५४ साली सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. शाळेची पायरी पहिल्यांदाच चढणाऱ्या मुलींना शिकवणाऱ्या बाईंची ही कविता. तीत चाफा आहे, जाई आहे, बाळाला उपदेश आहे आणि शिक्षणाची हाकही आहे. नवख्या वाचकाला हवे ते सगळे तिच्यात होते. पण सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढले ते १९८८ मध्ये, मा. गो. माळी यांच्या संपादनाने. वेचे काढणारा नुसत्या कविता वेचत नाही. तो वाचकही वेचतो.

ज्याच्या घरात अक्षर नाही, त्या मुलाला कवितेआधी चित्र वाचता येते. दीपनगरचे वीज केंद्र १९६८ मध्ये सुरू झाले. माझे वडील तिथे कंत्राटी मजूर होते. घरातला पहिला पदवीधर मी. रविवारी वस्तीतल्या मुलांना मी सचित्र बालकवितांची पुस्तके दाखवतो. एकदा कौलारू घर, अंगणात झोपाळा, पाटावर बसलेली मुले असे चित्र निघाले. एका मुलीने विचारले, “सर, हे कोनाचं घर?” कविता चांगली होती. पण मुलगी उंबऱ्याबाहेरच राहिली.

आपल्या समाजाने मात्र स्वतःचे सचित्र कवितासंग्रह केव्हाच निर्माण केले आहेत. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर भीमगीतांच्या पातळ पुस्तिका विकल्या जातात. मुखपृष्ठावर बाबासाहेब असतात. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनीही ते चित्र ओळखून पुस्तिका घेतली आणि लेकरांकडून वाचून घेतली. गाणे आधीच कानात होते. अक्षर मागाहून आले. वामनदादा कर्डक स्वतः मोठेपणी अक्षरे शिकले. या पुस्तिकांना कवितासंग्रह म्हणायला आमचे प्राध्यापक अजून कचरतात.

खानदेशाला हे नवे नाही. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. त्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवल्या. पुस्तक आले १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. बहिणाबाई शेतकरी घरच्या. गावकुसाबाहेरचे भोग वेगळे. पण कविता अक्षराची वाट पाहत नाही, हे त्यांनीही सिद्ध केले.

म्हणून मुलांसाठी कवितांचे नवे पुस्तक करताना दोन प्रश्न टाळता येणार नाहीत : कविता कोण निवडतो आणि चित्र कोण काढतो? सावित्रीबाई, बहिणाबाई आणि वामनदादा एकाच पुस्तकात शेजारी बसले पाहिजेत. चित्रे वस्तीतल्या मुलांनी काढावीत. मी कागद वाटले तेव्हा त्या मुलीने पत्र्याचे घर काढले, मागे धुराडे काढले आणि दारात पुस्तक घेऊन बसलेली आई काढली. तिची आई वाचू शकत नाही. मुलीने चित्रात ती वाचती केली.