न लावलेला लाल बावटा

दरवर्षी १४ एप्रिलला आपल्याकडे अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. हीच तारीख का, असे विद्यार्थ्यांनी विचारले तर त्यांना १९४४ सालच्या मुंबई बंदरात न्यावे लागेल.

‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज १२ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत लागले. युद्धासाठी आणलेली सुमारे १४०० टन स्फोटके त्यात होती. वाटेत कराचीला त्याच जहाजावर कापसाच्या ८७०० गाठी, वंगणतेल, लाकूड आणि गंधकही चढवले गेले होते. स्फोटके असल्याची खूण म्हणून जहाजावर लाल बावटा लावायची रीत होती. तो लावलेला नव्हता.

१४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास कोठारातून धूर येऊ लागला. दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठीत तंतूंमध्ये हवा कोंडलेली असते. त्यामुळे गाठ आतल्या आत धुमसत राहते आणि पाणी तिच्या गाभ्यापर्यंत सहज पोचत नाही. सुमारे ९०० टन पाणी ओतूनही आग विझली नाही. उलट, पाणी चढू लागले तसा जळता कापूस तरंगत वर सरकू लागला; आणि वरच्या कप्प्यात स्फोटके होती!

जहाजावर काय आहे, हे काही अधिकाऱ्यांना ठाऊक होते. पण जहाज समुद्रात न्यायचे, जागीच बुडवायचे की आग विझवत राहायचे, याचा निर्णय कोणी करायचा हेच ठरलेले नव्हते. दोन तास त्यातच गेले. शेजारच्या जहाजांना आणि गोदीतल्या कामगारांना वेळेवर इशारा मिळाला नाही. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला आणि ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा स्फोट झाला. मृतांचा अंदाज ८०० ते १३०० असा केला जातो. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते.

कापूस पेट घेतो आणि दारूगोळा उडतो, हे ज्ञान नवे नव्हते. ते मालाबरोबर प्रवास करत नव्हते, एवढेच. १९५६ साली संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने धोकादायक मालाच्या वाहतुकीविषयी पहिल्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. आज अशा मालाचे नऊ वर्ग मानले जातात आणि प्रत्येक पदार्थाला चार अंकी क्रमांक असतो. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार असा माल नेणाऱ्या चालकाला लिहिता-वाचता यावे लागते, शिवाय तीन दिवसांचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. गाडीवर मालाचे नाव, क्रमांक, धोक्याचे चिन्ह आणि मदतीसाठी दूरध्वनी क्रमांक असलेली पाटी हवी.

रस्त्यावरच्या टँकरवरील पाट्या विद्यार्थ्यांना दुरूनच वाचायला सांगाव्यात. १२०३ म्हणजे पेट्रोल. फलकावर लिहिलेल्या या चार आकड्यांपासून वर्गातला तास सुरू करता येईल. फोर्ट स्टिकिनच्या डोलकाठीवर एवढीही खूण नव्हती.